दिल्लीची चौकशी

ज्ञानेश राऊतच्या पायाला त्या महिन्यात भिंगरी लागली होती. कुरकुंभच्या औषध कंपनीत प्लँटमध्ये मोबाईल न्यायला बंदी, म्हणून तो तासातासाला काहीतरी निमित्त काढून गेटवरच्या लॉकरपाशी जायचा आणि वडिलांना फोन लावायचा.

"आबा, कुणाचा फोन आल्ता का?"

"आल्ता की."

"कुणाचा?"

"तुझाच. मगाशी."

वॉचमनला वाटायचं, ह्या पोराचं कुठंतरी जमलंय. जमलं होतंच, पण पोरीशी नाही, ऑस्ट्रेलियाशी. आणि तेही पक्कं नव्हतं. मधे एक फोन अडला होता. तो दिल्लीहून, वकिलातीतून यायचा होता, आणि तो ज्ञानेशला नाही, न्हावऱ्यात एसटी स्टँडजवळच्या टपरीत दाढ्या करत बसणाऱ्या त्याच्या बापाला यायचा होता. बाप काय बोलतो त्यावर व्हिसा ठरणार होता. आणि पोरगा तिकडं नेमकं काय शिकायला चाललाय, हेच बापाला माहीत नव्हतं.

आता गोष्ट इथपर्यंत कशी आली ते सांगायला हवं. ज्ञानेश केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाला आणि कुरकुंभात कॉन्ट्रॅक्टवर लागला. पाच वर्षं पाळ्या केल्या. अंगाला कसला ना कसला वास कायमचा. दर मार्चला त्याचे शिफ्ट इन्चार्ज, सतीश सर, खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "राऊत, ह्या वर्षी तुझं पर्मनंटचं बघू." ते बघणं पाच वर्षं चाललं होतं. मग दौंडच्या एका मित्राचा भाऊ मेलबर्नला गेला. त्यानं कुठल्याशा निळ्या गाडीला टेकून काढलेला फोटो पाठवला. तो ज्ञानेशनं पाहिला आणि तेव्हापासून त्याला एका जागी बसवेना. जेवताना मधेच उठायचा. एसटीत सीट मोकळी असली तरी दारात उभा राहायचा. त्याची आई, रतनबाई, म्हणायची, "ह्याच्या बुडाखाली काटं हायेत का काय, कुणास ठावं."

ते दोन हजार सातचं साल होतं. ऑस्ट्रेलियानं एक यादी काढली होती. ज्या कामांना तिकडं माणसं कमी पडतात, त्या कामांची. त्या यादीत ज्ञानेशच्या बी.एस्सी.ला कुणी विचारत नव्हतं, पण केस कापणारा मात्र वरच्या नंबरावर होता. दोन वर्षं मेलबर्नला जाऊन केस कापायचं शिकायचं, तिथल्या दुकानात नऊशे तास काम केल्याचं पत्र मिळवायचं आणि मग कायमचं राहायचा अर्ज टाकायचा. यादी कधी बदलेल याचा भरवसा नव्हता, त्यामुळं जो तो घाईत होता. पुण्यातल्या एजंटबाई, प्राची मॅडम, यांच्या क्लासला पाटील, देशमुख, इंजिनियर, बँक मॅनेजरची पोरगी अशी सगळी मंडळी जमली होती, आणि प्रत्येक जण 'मला लहानपणापासून केसांची फार आवड' असा निबंध इंग्रजीत पाठ करत होता.

ज्ञानेशची पाळी आली तेव्हा मॅडमनी सहज विचारलं, "घरात कुणी आहे का या लाइनमध्ये?"

कंपनीत पाच वर्षं त्यानं ही गोष्ट तोंडातून काढली नव्हती. राऊत म्हटलं की समोरचा आपल्या मनानं काय ती जात धरायचा आणि ज्ञानेश त्याला धरू द्यायचा. पण त्या दिवशी एसीच्या गारव्यात तो बोलून गेला, "वडील. आजोबाही. आम्ही न्हावीच आहोत."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अहो, मग आधी नाही का सांगायचं! इथं लोक खोटे मामा-काका उभे करतात सलूनवाले. तुमच्याकडं खरा बाप आहे!"

पाच वर्षं लपवलेली गोष्ट एका मिनिटात त्याच्या फायलीतला सगळ्यांत भारी कागद झाली. मॅडमनी स्वतः टाइप केलं. ज्ञानेशनं वडिलांच्या दुकानात दोन वर्षं काम केलंय आणि शिकून आल्यावर तो तेच दुकान वाढवणार आहे. मग बजावलं, "दिल्लीहून वडिलांना फोन येईल. ते हिंदीत विचारतात. वडिलांनी एवढंच सांगायचं. मुलगा केस कापायचं शिकायला चाललाय, माझ्या हाताखाली काम केलंय, आणि शिकून परत येणार आहे. यात जरा इकडंतिकडं झालं तर फाइल गेली म्हणून समजा."

घरी त्यानं सांगितलं होतं की तो केमिस्ट्रीचंच मोठं शिक्षण घ्यायला चाललाय. त्याला कारण होतं. ज्ञानेश आठ वर्षांचा असताना एकदा बापाची धोपटी उघडून बसला होता, म्हणजे वस्तरा, कात्री, तुरटी ठेवायची ती चामड्याची पिशवी. त्यानं वस्तरा उघडून स्वतःच्या गालाला लावला होता. जालिंदर राऊत शांत माणूस. पण त्या दिवशी त्यानं पोराच्या थोबाडीत अशी दिली की दोन दिवस गालावर बोटं होती. "परत ह्याला हात लावलास तर हात तोडीन," म्हणाला. मग स्वतःच ओसरीवर जाऊन बसला आणि त्या दिवशी जेवला नाही. पोरानं शिकावं, खुर्चीत बसावं, कुणाच्या अंगणात खाली बसून पाण्याची वाटी मागू नये, एवढ्यासाठी त्या माणसानं चाळीस वर्षं उभ्यानं काढली होती. त्याला आता काय म्हणून सांगायचं?

पण सांगणं भाग होतं. फोन कधीही आला असता. सुट्टीच्या दिवशी ज्ञानेश टपरीवर गेला. आधी समोरच्या हॉटेलात तीन चहा प्यायला, स्टँडवर जाऊन शिरूरची गाडी कधी आहे ते विचारून आला, त्याला कुठं जायचं नसताना. शेवटी टपरीतलं गिऱ्हाईक उठलं आणि तो आत शिरला.

"आबा, ऑस्ट्रेलियाचं बोलायचं हाय."

"बोल की."

त्यानं एका दमात सगळं सांगितलं. यादी, क्लास, मॅडम, फोन. आबा कंगव्यातले केस काढत होते. ते काढून झाले तरी कंगवा हातातच राहिला.

"म्हंजी न्हाव्याचं काम?"

"हेअरड्रेसिंग म्हनत्यात तिकडं."

"म्हनंनात का. न्हाव्याचंच ना?"

"व्हय."

"आन् त्येला दोन वर्सं?"

"दोन वर्सं. वर नऊशे तास काम करून दाखवायचं."

"नऊशे तास म्हंजी किती दिस?"

"रोज आठ तास धरलं तर चारेक महिनं."

आबा हसले. मनापासून हसले, खांदे हलेपर्यंत. "आरं, मला चाळीस वर्सं झाली. मंग मलाच ने की!" ज्ञानेशही हसला. त्याला वाटलं, सुटलो. पण आबांचं हसू मधेच थांबलं. त्यांनी आरशात बघितलं, आरशातूनच पोराकडं बघितलं.

"तुला मारलं व्हतं, ध्यानात हाय?"

"हाय."

"उगंच मारलं मंग," आबा म्हणाले आणि कंगवा पाण्यात टाकला.

यापेक्षा त्यांनी पुन्हा एक थोबाडीत दिली असती तर ज्ञानेशला बरं वाटलं असतं. तो घाईघाईनं पुढं बोलत राहिला. फोनवर काय काय सांगायचं ते त्यानं तीन बोटं मोजून दाखवलं. आबांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"पैलं सांगंन. दुसरं कसं सांगू? तू माझ्या हाताखाली कवा काम केलंस?"

"आबा, फोनवर कोन बघायला येतंय?"

"सोयरिकीच्या चौकशीला तरी कोन बघायला येतं? इस्वासावरच चालतं न्हवं का समदं?"

बाप कशाबद्दल बोलतोय ते ज्ञानेशला ठाऊक होतं. न्हावऱ्यात कुणाच्या घरी मुलगी द्यायची असली की पाहुणे आधी गुपचूप न्हाव्याला गाठायचे. पोरगं कसं आहे, घर कसं आहे, दारू आहे का, दुखणं आहे का? न्हावी प्रत्येकाच्या घरात जाणारा, प्रत्येकाच्या कानाशी उभा राहणारा. त्यातही जालिंदरचा शब्द म्हणजे सोनं. तो गावात कुणाचं काही बोलायचा नाही, पण चौकशीला आलेल्या माणसाशी खोटंही बोलायचा नाही. वीसेक वर्षांपूर्वी गेणबांच्या, म्हणजे गावातल्या बड्या घराच्या, थोरल्या पोराची सोयरीक आली. पाहुण्यांनी विचारलं आणि जालिंदरनं सांगितलं की पोराला फिट येतात. सोयरीक मोडली. गेणबांनी त्याला दारात उभं करणं बंद केलं, त्यांच्या आळीनंही केलं, आणि राऊतांच्या घरात दोन वर्षं सुगीला बलुत्याचं धान्य आलं नाही. मग गेणबांच्या स्वतःच्या पोरीसाठी स्थळ आलं. तेव्हा गेणबांनीच समोरच्यांना सांगितलं, "आमचं नका ऐकू. जालिंदरला इचारा." तेव्हापासून दोघांचं जे जुळलं ते जुळलं.

"दिल्लीचा फोन म्हंजी बी चौकशीच की ही," आबा म्हणाले. "तिकडलं लोक इचारनार, पोरगं कसं हाय, काय हाय. त्यांचं काय चुकलं? म्या खोटं न्हाई बोलनार."

"मंग सोडून देऊ का समदं?" ज्ञानेशचा आवाज चढला. "कुरकुंभातच मरू का?"

"सोडून द्यायचं कोन म्हनलं? फोन कवा येनार?"

"पंधरा दिसांत, महिन्यात. सांगता येत न्हाई."

"मंग उद्यापासनं ये हितं. काम कर. म्हंजी मला खरं सांगता ईल."

मेलबर्नला केस कापायला ज्ञानेशची काही हरकत नव्हती. न्हावऱ्यात कापायला होती. मेलबर्नला त्याला कोण ओळखत होतं? इथं त्याच्या बरोबर शाळेत असलेली पोरं कांद्याच्या गाड्या भरून स्टँडवर चहाला यायची आणि त्याला 'साहेब' म्हणायची. त्या रात्री त्याचा डोळा लागला नाही. आई म्हणाली, "नको वाटत आसंल तर नको करू, बाबा." तेवढ्यावरून तो आईवरच खेकसला. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी करून आला आणि युनिफॉर्म न बदलता तसाच टपरीत जाऊन उभा राहिला.

पहिले चार दिवस आबांनी त्याच्यापुढं मातीचं मडकं ठेवलं. मडक्याला साबण फासायचा आणि वस्तऱ्यानं काढायचा, चर्रकन आवाज न होता. बी.एस्सी. झालेला माणूस भर स्टँडवर मडक्याची दाढी करतोय, ह्यापेक्षा मोठी करमणूक गावाला बऱ्याच दिवसांत झाली नव्हती. "साहेब, मडक्याला मिशी ठिवायची का?" असं रोज कुणीतरी विचारून जायचं. मग गुऱ्हाळावरचे बिहारी कामगार आले. त्यांना कापणारा साहेब आहे का आणखी कोण, याच्याशी कर्तव्य नव्हतं. "भैया, छोटा कर दो," एवढंच ते म्हणायचे. मग गावातली माणसं बसायला लागली, आधी हसत, मग नुसतीच.

आबांचं शिकवणं थोडक्यात असायचं. मनगट ढिलं. कातडी डाव्या हातानं ताणायची. आणि एक नियम, त्याला सूट नाही. "गळ्याखाली वस्तरा आसला की बोलायचं न्हाई. आपुन बी न्हाई, त्यानं बी न्हाई. बोललं की गळा हालतो."

"तुमची दाढी कवा करू, आबा?" चांगलं जमायला लागल्यावर एकदा ज्ञानेशनं विचारलं.

"माझी शेवटाला. तुझा हात बसला की म्याच सांगंन."

हात बसत होता. खरं तर भराभर बसत होता, आणि ज्ञानेशला त्याचा राग येत होता. टपरीत लहानपणी कोपऱ्यात बसून जे नुसतं बघितलं होतं ते हातांनी जपून ठेवलं होतं, त्याला न विचारता. त्याहून चमत्कारिक म्हणजे, दिवसभर न ठरणारे पाय वस्तरा हातात आला की ठरायचे. दाढी संपली की पुन्हा चुळबुळ सुरू. मोबाईल काढ, रेंज बघ, आबांचा मोबाईल चार्ज आहे का बघ. यादी बदलली का, म्हणून तो मॅडमना इतके फोन करायचा की त्यांनी शेवटी उचलणंच सोडलं.

एका संध्याकाळी टपरीची फळी लावताना आबांनी मागं न बघता विचारलं, "आन् तिसरं?"

"काय तिसरं?"

"शिकून माघारी येनार, ते. खरं हाय का?"

"ते म्हनायचं आसतं, आबा. समदेच म्हनत्यात."

"समद्यांचं न्हाई इचारत. तू येशील का?"

ज्ञानेशनं कुलूप हातात घेतलं, ते उगाच एकदा उघडून बघितलं. इथं परत यायचं असतं तर हा सगळा उपद्व्याप केलाच कशाला असता? पण आबा समोर उभे होते, त्यांच्या बंडीवर दिवसभरातले लोकांचे केस होते, आणि त्याच्या तोंडून 'येईन' निघेना, 'नाही'ही निघेना.

"बरं," आबा म्हणाले. "फोन ईल तवा बघू." आणि घराकडं चालायला लागले. ज्ञानेश कुलूप लावून त्यांच्या मागून गेला. त्याला कळून चुकलं होतं की दुसरी गोष्ट त्यानं महिनाभर राबून खरी केली, पण तिसरीला तसा काही इलाज नाही, आणि फोन कधीही येऊ शकतो.

त्याच आठवड्यात गेणबा वारले. भरल्या घरातले, पिकलं पान. दहाव्याला भीमेच्या काठावर सकाळी सातलाच शे-दीडशे माणूस जमलं. एका बाजूला पिंड मांडलेले, कीर्तनकार बुवा घड्याळ बघत बसलेले, आणि काठाच्या खडकांवर भावकीतले पुरुष रांगेनं डोकी भिजवून तयार. तीस-पस्तीस डोकी होती. आबांनी रांगेचं एक टोक धरलं आणि दुसऱ्या टोकाकडं बोट केलं. "तिकडनं तू ये."

ज्ञानेशनं त्या दिवशी दुसरी पाळी होती म्हणून हे कबूल केलं होतं. बारा वाजता काठावरच्या रस्त्यानं चौफुल्याकडं जाणारी कंपनीची बस धरायची होती. त्यानं सहा डोकी केली. सातवा माणूस खाली मान घालून बसला होता, शहरी बनियन, गळ्यात सोन्याची बारीक साखळी. ज्ञानेशनं त्याच्या डोक्यावर पाणी घातलं. माणसानं पाणी पुसत मान वर केली.

"राऊत?"

ते सतीश सर होते. दौंडला रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेले, आता पुण्यात राहणारे सतीश सर गेणबांचे पुतणे आहेत, हे ज्ञानेशला स्वप्नातही माहीत नव्हतं.

"हो, सर."

"तू इथं कसा?" ते विचारून बसले आणि मग त्यांची नजर वस्तऱ्यावर गेली. "मला वाटायचं तू आमच्यातलाच," सर म्हणाले.

ज्ञानेशच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पळून जावं असं फार वाटलं. नदी समोर होती, वस्तरा खडकावर ठेवून नुसतं चालत सुटलं तरी चाललं असतं. पण मागं रांग होती आणि डोकी भिजलेली होती, भिजलेलं डोकं सोडून न्हावी जात नाही. "मान खाली घ्या, सर," तो म्हणाला.

सरांनी घेतली. "मागं एक मस आहे माझ्या मानेवर. बेतानं," ते हळूच म्हणाले. कंपनीत कधी असा आवाज त्यांनी काढला नव्हता.

अर्धं डोकं झालं आणि रांगेच्या पलीकडच्या टोकाला आबांचा मोबाईल वाजला.

आबांनी धोतराला हात पुसले, नंबर डोळ्यांपासून लांब धरून बघितला आणि फोन कानाला लावला. लांबच्या माणसाशी मोठ्यानं बोलावं लागतं, अशी त्यांची समजूत होती, आणि दिल्ली तर फारच लांब. त्यांची हिंदी गुऱ्हाळावरच्या बिहाऱ्यांकडून आलेली. सगळा काठ ऐकत होता.

"हां. जालिंदर राऊत बोलता हूं... हां, हां. ज्ञानेश मेरा लडका है."

ज्ञानेशचा हात चालत राहिला.

"वो ना? वो न्हावी का काम सीखने को जाता है. बाल काटने का... हां, ऑस्ट्रेलिया."

भावकीतल्या दोघा-तिघांनी मान वळवून ज्ञानेशकडं बघितलं. सतीश सरांनी मात्र मान वळवली नाही, वळवता येण्यासारखीही नव्हती.

"किया ना. मेरे हाथ के नीचे किया. अबी बी करता है... अबी म्हंजी अबी, साब. मेरे सामने है, डोकी करता है. डोकी... सर के बाल. हमारे गाँव का बडा आदमी गुजर गया, उसका दसवा है. हां, नदी पे... मैं झूठ कायकू बोलू?"

पुढचा प्रश्न कुठला ते ज्ञानेशला ऐकू न येताच समजलं, कारण आबा गप्प झाले. ते नुसते उभे राहिले, फोन कानाला, आणि पस्तीस डोक्यांवरून त्यांनी पोराकडं बघितलं. ज्ञानेशचा वस्तरा थांबला. आबा वाट बघत होते. तो मान हलवू शकला असता, हो म्हणून किंवा नाही म्हणून. तेवढ्या लांबूनही ते दिसलं असतं.

त्यानं काहीच केलं नाही.

"आयेगा," आबा म्हणाले. मग आणखी मोठ्यानं, "आयेगा, साब. क्यूं नहीं आयेगा? घर है उसका, दुकान है. माँ है. आयेगा."

फोन बंद करून त्यांनी बंडीच्या खिशात ठेवला, वाटीतलं पाणी बदललं आणि पुढच्या डोक्याला हात लावला. गेणबांच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, म्हातारा समाधानानं गेला. मग बुवांचं प्रवचन झालं, माणसं पांगली. सतीश सर जाताना ज्ञानेशपाशी थांबले. त्यांच्या डोक्यावर कुठंही खरचटलेलं नव्हतं. "चांगला हात आहे, राऊत," ते म्हणाले. पर्मनंटचं काही बोलले नाहीत. ज्ञानेशनंही विचारलं नाही.

काठावर शेवटी बापलेक दोघंच राहिले. बारा वाजत आले होते. कंपनीची बस यायची वेळ झाली होती, आणि ज्ञानेशच्या एकदम लक्षात आलं की गेल्या तासाभरात त्यानं मोबाईल बघितलाच नाही. त्याला आनंद व्हायला हवा होता. झालं होतं सगळं. मॅडमना फोन करायला हवा होता. त्यानं खिशाकडं हात नेला.

"ते ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. ते नदीकडं तोंड करून खडकावर बसले होते, गालांवर आठ दिवसांचे पांढरे खुंट. "ये. माझी दाढी कर."

ज्ञानेशनं वाटी भरून आणली. बापाच्या तोंडाला आपण आजवर कधी हात लावलेला नाही, हे त्याला पाणी लावताना समजलं. गाल आत गेले होते. त्यानं साबण फासला, ब्लेड बदललं, डाव्या हातानं कातडी ताणली. एक गाल झाला, दुसरा झाला. हात हलत नव्हता. आबांनी डोळे मिटले होते.

"तेवढं एक खोटं बोललो," ते म्हणाले. "गेणबा आसता तर हसला आसता मला."

ज्ञानेश थांबला. काहीतरी बोलायला हवं होतं आणि ते काय बोलायला हवं तेही त्याला माहीत होतं. ते खोटं न्हाई आबा, म्या येनार, एवढंच. साधं वाक्य होतं. पण ज्या माणसाच्या पुढं ते बोलायचं, त्याच्यापुढं खोटं बोललेलं चालत नव्हतं.

आबांनी डोळे उघडले. त्यांना त्याच्या तोंडाकडं बघायचं होतं. "ज्ञाना, येशील न्हवं का रं?"

ज्ञानेशनं त्यांची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि वस्तरा गळ्याला लावला. आता दोघांनाही बोलता येणार नव्हतं. आबांचा गळा एकदा खालीवर झाला आणि मग नियमाप्रमाणं गप्प राहिला. ज्ञानेशनं गळा सावकाश केला, वरून खाली, मग खालून वर. पाणी लावलं, पुन्हा केला. रस्त्यावर कंपनीची बस हॉर्न देऊन निघून गेली. गळ्यावर आता एकही केस उरला नव्हता, तरी तो वस्तरा फिरवत राहिला.